घाटीपासून उपकेंद्रापर्यंत : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सरकारी प्रजनन आरोग्यसेवा

पुण्या-मुंबईच्या मानाने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सरकारी प्रजनन आरोग्यसेवा उशिरा आली. सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे मुंबई इलाख्यात या विषयावर जे वाद झडले त्यांचा इथल्या कारभाराशी संबंध आला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. १९३८ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो पी. जे. रोहम यांनी मांडला आणि ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. मराठवाड्याच्या खेड्यात बाळंतपण सुईणीच्या हाती होते आणि पाळीचे, अंगावरून जाण्याचे दुखणे बायका अंगावरच काढीत.

स्वतंत्र भारताने पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले आणि १९५२ मध्ये कार्यक्रम सुरू केला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘घाटी’च राहिले. पुढची कित्येक दशके या जिल्ह्याला वेगळे जिल्हा रुग्णालय नव्हते. ते काम घाटीवरच पडले. चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय बरेच नंतरचे. परिणाम असा की अडलेली बाई सोयगावची असो की जालन्याची, गाडी घाटीकडेच वळे, आणि शिकवण्यासाठी उभारलेल्या प्रसूती विभागावर मराठवाड्याबरोबर खानदेश-विदर्भाच्या कडेच्या तालुक्यांचाही भार आला. मधले टप्पे कच्चे आणि शेवटचा टप्पा तुडुंब, ही या जिल्ह्याच्या सेवेची जुनीच खोड आहे.

साठच्या दशकात लूप आला, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण भिंतींवर रंगला, १९६८ पासून ‘निरोध’ स्वस्तात मिळू लागला. गर्भपाताचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने पुढे आला. चोरून ‘पिशवी साफ’ करून घेताना मरणाऱ्या स्त्रियांचा विचार करण्यासाठी केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीच्या १९६६ च्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भनिरोधक फसले हे कारण त्याने मान्य केले, पण विवाहितेपुरतेच. कायदा काळाच्या पुढे होता, असे त्याच्याविषयी नेहमी म्हटले जाते. ते खरे असले तरी मान्यताप्राप्त केंद्रे आणि प्रशिक्षित डॉक्टर शहरात एकवटलेले होते. कन्नड किंवा पैठणच्या खेड्यातल्या बाईला हा कायदा एस.टी.चे भाडे मोजूनच गाठावा लागे.

याच काळात सगळा कार्यक्रम शस्त्रक्रियेच्या आकड्यावर येऊन ठेपला. उद्दिष्ट दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राला वाटून येई. नर्सबाईंबरोबर शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांनाही ‘केस’ आणण्याचा हुकूम असे. आणीबाणीत त्याचा कडेलोट झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्याच्या रूपात आले नाही, पण असे विधेयक मंजूर करण्यापर्यंत गेलेले राज्य म्हणून महाराष्ट्राची नोंद झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या.

१९७७ नंतर सरकारने कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ केले. पुरुषांच्या नसबंदीला कोणताही पुढारी हात लावायला धजेना. आकडा मात्र हवाच होता, तो बायकांकडून भरून निघाला. दुर्बिणीची, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया आल्यावर शिबिरांना जोर चढला. शेतीची कामे उरकल्यावर, थंडीत, जीपमधून बायका केंद्रावर आणल्या जात. खाटा पुरत नसत. शस्त्रक्रिया झालेली बाई ओसरीत सतरंजीवर निजे, उशाला तान्हे मूल आणि सोबत सासू किंवा जाऊ. मार्चअखेर जवळ आली की नर्सबाईंची धावपळ वाढे, कारण उद्दिष्ट अपुरे राहिल्यास त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागे. त्या बाईला पांढरे जाते का, ओटीपोटात दुखते का, हे विचारायला रकाना नव्हता. जे मोजायचे नाही ते विचारायचे नाही, अशी सरकारी यंत्रणेची रीतच पडली. शिबिरांची ही पद्धत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट २०१६ मध्ये, देविका बिस्वास खटल्यात.

न विचारलेल्या दुखण्याचा पुरावा महाराष्ट्रातूनच पुढे आला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार होता आणि याआधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या या अभ्यासाचा हवाला जगभर दिला गेला. १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेनंतर भारताने १९९६ मध्ये गर्भनिरोधनाची वरून लादलेली उद्दिष्टे मागे घेतली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. कागदावरचा हा बदल मोठा होता. खाली ‘टार्गेट’ जाऊन ‘अपेक्षित साध्य’ आले, आणि आढावा बैठकीत केसचा आकडा पूर्वीप्रमाणेच विचारला जाऊ लागला.

लैंगिक आजारांसाठी वेगळी वाट एड्स नियंत्रण कार्यक्रमाने काढली. सरकारी रुग्णालयांतल्या या दवाखान्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. तिथे लक्षणांवरून औषधांचे रंगीत संच दिले जातात: मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर करडा, योनिदाहाला हिरवा, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळा, असे एकूण सात. जोडीदारालाही औषध दिल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, आणि घोडे अडते ते नेमके इथेच.

दरम्यान, कुटुंब नियोजनाच्या प्रचारातल्या दोन मुलांच्या आग्रहाची एक कडू बाजू उघडी पडत होती. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा त्यानंतरचा. तरीही औरंगाबाद जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८९० होत्या, त्या २०११ मध्ये ८५८ वर आल्या. शेजारच्या बीडमध्ये हाच आकडा ८०७ होता. त्यानंतर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या वाढल्या. पण यंत्र लहान झाले तसा धंदा दवाखान्यातून घरात शिरला. मे २०२४ मध्ये शहराच्या गारखेडा परिसरातल्या एका सदनिकेत चालणारे अवैध गर्भलिंग निदान केंद्र उघडकीस आले.

शासनाची दोन धोरणे इथे एकमेकांना छेद देतात. एकीकडे मुलगी वाचवण्याची मोहीम. दुसरीकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवण्यास बंदी, आणि २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीतही लहान कुटुंबाची अट. मुलगा हवाच आणि मुले दोनच, अशा घरात ही अट मुलीच्या गर्भावरच उठते, हे महिला संघटनांनी वारंवार सांगितले आहे. अट आजही कायम आहे.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्यातून गावोगावी आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या आणि जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे मिळू लागले. २०११ पासून सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत झाले. घरची बाळंतपणे झपाट्याने कमी झाली, हे या सगळ्या इतिहासातले सर्वांत ठळक यश. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक निघाली, मात्र गावात ओळख पटेल या भीतीने अविवाहित मुलगी तिथे सहज जात नाही. शिवाय मराठवाड्यात अनेकींचे किशोरवय लग्नातच संपते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होत्या, परभणीत ४८ टक्के. अशी मुलगी पंचविशीच्या आत दोन मुले होऊन शस्त्रक्रिया करून घेते. २०१७ पासून ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या ही गर्भनिरोधके मोफत आली, तरी त्याच पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत होते.

पंचविशीत शस्त्रक्रिया आणि तिशीत ‘पिशवी काढणे’ हा क्रम बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमुळे २०१९ मध्ये देशभर गाजला. राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवर जवळ उपचार नाही, पाळीच्या दिवसांत खाडा केला की मजुरी बुडते, आणि खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, अशी ही साखळी होती. त्यानंतर खासगी रुग्णालयांतल्या अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांची देखरेख आली.

गर्भपाताच्या कायद्यातही २०२१ मध्ये दुरुस्ती झाली: ‘विवाहित स्त्री’ऐवजी ‘कोणतीही स्त्री’ असा शब्दप्रयोग आला, ठरावीक गटांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही तोच हक्क असल्याचे स्पष्ट केले. मुदत उलटून गेलेली प्रकरणे, विशेषतः अत्याचारग्रस्त अल्पवयीन मुलींची, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे येतात. न्यायालय घाटीसारख्या शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून अहवाल मागवते आणि त्यावरून निर्णय देते.