लिंबूटिंबू

काल रात्री जेवताना सेनापती मला पुन्हा एकदा "लिंबूटिंबू" म्हणाला. सेनापती म्हणजे माझा जुना ऑफिसमित्र. खरं नाव लिहीत नाही, उगाच पुन्हा गोळ्या घालायचा. ज्यांच्या सोसायटीत हा शब्द नव्हता त्यांच्यासाठी: लपंडावात एखादं धाकटं भावंड असतं, आईने "त्यालाही घ्या रे" म्हणून पाठवलेलं. ते सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, लपतं. पण त्याच्यावर राज्य येत नाही. सापडलं तरी सापडलं म्हणून धरत नाहीत.

वाद आहे अंतराळातल्या ऑनलाइन खेळांचा. आम्ही दोघंही 'एलिट डेंजरस' खेळतो. आकाशगंगा तीच, बाजारभाव तेच, बातम्या त्याच. फक्त तो 'ओपन'मध्ये असतो, म्हणजे समोरून येणारं जहाज दुसऱ्या माणसाचं असू शकतं आणि तो माणूस तुम्हाला मारू शकतो. मी 'सोलो'मध्ये. मला कोणी दिसत नाही, कोणाला मी दिसत नाही. "भित्रा आहेस, बाकी काही नाही" हे त्याचं मत. घरी येऊन विचार करायला लागलो तर लक्षात आलं की हे भांडण आमच्या दोघांच्याही वयापेक्षा जुनं आहे.

अंतराळातला पहिला गाजलेला संगणक-खेळ 'स्पेसवॉर'. १९६२ साली एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ या मशीनवर केलेला. मध्ये एक तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण, आणि दोन जहाजं. संगणक कोणाच्याच बाजूने लढायचा नाही, त्यामुळे समोर माणूस नसेल तर खेळच नाही! म्हणजे सुरुवात सेनापतीच्या बाजूने झाली, हे मान्य करून टाकतो.

मग १९८४ साली केंब्रिजमधल्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रोसाठी 'एलिट' लिहिला. ३२ केबी मेमरीच्या मशीनवर आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे. (आज आपण साधं लॉगिन पेज याच्या कितीतरी पट मोठं करतो, पण तो विषय वेगळा.) हातात १०० क्रेडिट आणि एक जहाज. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. व्यापार करा, चाचेगिरी करा, नुसते भटका. चाचे होते, पण ते प्रोग्रॅममधले. एलिट खेळणारा माणूस एका प्रचंड विश्वात एकटा होता, आणि नेमकं तेच लोकांना आवडलं.

म्हणजे दोन घराणी झाली म्हणा ना. नेटवर्क आलं तेव्हा ती एकमेकांवर आदळली. आधी अंतराळात नाही, जमिनीवर. एसेक्स विद्यापीठात १९७८ पासून चाललेला 'मड' हा मजकुरावरचा खेळ घडवणाऱ्या दोघांपैकी एक, रिचर्ड बार्टल, याने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमावणारे, हिंडणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. त्याचा मुद्दा असा की हे चौघं एकमेकांच्या संख्येवर जगतात. मारणारे वाढले की कमावणारे आणि गप्पिष्ट पळतात. हिंडणाऱ्यांना त्यातल्या त्यात कमी फरक पडतो. 'अल्टिमा ऑनलाइन'वर ही वेळ लगेच आली. १९९७ साली सुरू झालेल्या त्या जगात इतकी लुटालूट माजली की २००० मध्ये अख्ख्या जगाची एक सुरक्षित प्रत काढावी लागली.

आता 'ईव्ह ऑनलाइन'. इथे जरा थांबू, कारण माझी जखमही इथलीच.

ईव्ह २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने केलेला, आणि एलिटचे संस्कार स्पष्ट असलेला. पण त्यांनी एक उलटा निर्णय घेतला: सगळे खेळाडू एकाच विश्वात, आणि त्यात पूर्ण सुरक्षित जागा कुठेच नाही. 'हाय-सेक' नावाचा भाग आहे, तिथे कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस आहेत. पण हे पोलीस गुन्हा थांबवत नाहीत, गुन्ह्यानंतर येतात. हिंदी सिनेमासारखे. फरक इतकाच की आले की गुन्हेगाराचं जहाज हमखास उडवतात. त्यामुळे हिशोब सोपा होतो. चार स्वस्त जहाजं घेऊन या, पोलीस यायच्या आत एक महागडं मालवाहू जहाज फोडा, तुमची चार मरू द्या, आणि पाचव्या मित्राने भंगारातला माल उचलून न्यावा. त्या काळी तर पोलिसांनी उडवलेल्या जहाजाचासुद्धा विमा मिळायचा! तो २०११ मध्ये बंद केला.

२००८ च्या एका रात्री माझं 'बॅजर' असंच गेलं. जीता नावाच्या मोठ्या बाजाराकडे निघालो होतो, दोन महिन्यांची कमाई पोटात भरून. सगळं मिळून दहा सेकंद. मग चॅटमध्ये एक अनोळखी माणूस "गुड फाइट" म्हणाला. कसली फाइट? माझ्याकडे बंदूकही नव्हती. तुझ्या एकट्याचंच असं होतं का, टोळीत का गेला नाहीस, असं सेनापती तेव्हाही म्हणाला होता. टोळीत जाऊन पाहिलं होतं हो. ईव्हचं घड्याळ ग्रीनिचचं. युरोपातल्यांची रात्री आठची मोहीम म्हणजे पुण्यात पहाटे दीड. त्यात तेव्हा भारनियमन, घरचा यूपीएस कसाबसा पंधरा मिनिटं टिकायचा. आणि सकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. फौजेत असताना तुमचा वेळ तुमचा नसतो. वीस जण तुमच्यासाठी थांबलेले असतात आणि "जरा दूध तापवून येतो" म्हणता येत नाही. एकटं खेळणाऱ्यांना लोक माणूसघाणे समजतात. त्यातल्या बऱ्याच जणांकडे फक्त सलग तीन तास नसतात.

पण सेनापतीची बाजू कमजोर नाही. ईव्हमधलं जवळजवळ प्रत्येक जहाज खेळाडूंनी खाणीतून खनिज काढून, कारखान्यात बनवलेलं असतं. जहाजं फुटलीच नाहीत तर नवी कोण विकत घेणार? माझं बॅजर फुटलं म्हणूनच कोणा बॅजर बनवणाऱ्याचं घर चाललं. शिवाय ईव्हमध्ये जे घडलं ते दुसरीकडे घडलं नाही. २०१४ च्या जानेवारीत 'बी-आर५आरबी' या सूर्यमालेच्या ताब्याचं भाडं कोणाकडून तरी भरायचं राहिलं. झालं, त्या संधीवरून लढाई पेटली. साधारण एकवीस तास, सात हजारांवर माणसं, ७५ 'टायटन' म्हणजे सर्वांत मोठी जहाजं नष्ट. खऱ्या पैशात नुकसान अंदाजे तीन लाख डॉलर. सर्व्हरला हा भार पेलत नाही म्हणून सीसीपीने आधीच एक सोय केली होती: गर्दी वाढली की त्या भागातला काळच मंद करायचा, दहा टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्ष काळ वाकवून लोड हाताळला! इंजिनिअर म्हणून मी याला कायम नमस्कार करत आलोय.

आणखी एक. २०१५ मध्ये सीसीपीनेच सांगितलं की ८०,००० नवे खेळाडू त्यांनी तपासले. बेकायदा मारले गेलेले जेमतेम एक टक्का, आणि मारले गेलेले लोक न मेलेल्यांपेक्षा जास्त टिकले. सेनापती हा आकडा दर महिन्याला ऐकवतो. मी म्हणतो, बाबा रे, जो स्टेशनातून बाहेरच पडला नाही तो कंटाळून गेला, त्याला न मारल्यामुळे नाही. शिवाय २०१९ ची गोष्ट बघ. जुलैमध्ये सीसीपीने बेवारस भागातली 'इथे कोण कोण आहे' ती यादी बंद केली, म्हणजे शिकार सोपी. खेळणाऱ्यांची संख्या घसरली आणि सप्टेंबरमध्ये यादी परत आणावी लागली. शिकारीच्या त्या मैदानातही गुपचूप आपलं काम करणारे किती होते, ते गेल्यावरच कळलं.

डिसेंबर २०१४ मध्ये ब्रेबनने एलिटचा नवा अवतार आणला आणि भांडणावर एक विचित्र तोडगा काढला. आकाशगंगा एकच, ४०० अब्ज ताऱ्यांची, पण आत शिरताना दर वेळी निवडा: ओपन, खाजगी गट किंवा सोलो. (पूर्ण ऑफलाइन खेळ देऊ म्हणाले होते, तो ऐनवेळी रद्द केला. तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली.) इथे सेनापतीची खरी तक्रार येते आणि तिला माझ्याकडे धड उत्तर नाही. मी सोलोत राहून एखाद्या स्टेशनला माल पोचवला तरी तिथल्या सत्तेचं पारडं सगळ्यांसाठी हलतं. त्याने शत्रूची नाकेबंदी केली तरी शत्रू सोलोतून आरामात आत जातो. न दिसणाऱ्या माणसाशी लढायचं कसं? "लिंबूटिंबूला आऊट करता येत नाही, ठीक. पण मग त्याचे गुण का धरायचे?" हे त्याचं वाक्य. आणि बी-आर५आरबीसारखं काही एलिटमध्ये झालं नाही, होणारही नाही. दार कायम उघडं असेल तर वेढा पडत नाही.

मग मी सोलोतच का? सरळ ऑफलाइन खेळ का घेत नाही? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. उत्तर २०१९ मध्ये मिळालं.

त्या वर्षी जानेवारीत खेळाडूंनी 'डिस्टंट वर्ल्ड्स २' नावाची मोहीम काढली. आकाशगंगेच्या पार टोकाला, बीगल पॉइंटला जायचं, सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं. तेरा हजारांवर लोकांनी नावं नोंदवली. मीही, अर्थात सोलोत. एलिटमध्ये कोणीच न पाहिलेला तारा तुम्ही पहिल्यांदा धुंडाळलात तर त्यावर तुमचं नाव लागतं, कायमचं, सगळ्यांना दिसेल असं. पण ती माहिती स्टेशनवर जाऊन विकली तरच. वाटेत जहाज फुटलं तर सगळी नोंद गेली. काही टोळ्या या लोकांनाच गाठायला निघाल्या होत्या. कित्येकांच्या महिन्यांच्या वाटचालीवर दोन मिनिटांत पाणी.

महिनोन्महिने मी रात्री अर्धा-पाऊण तास उड्या मारत होतो. एकटा. मध्येच एखाद्या काळ्याकुट्ट कोपऱ्यात, जिथे कोणी आलं नसेल अशी खात्री असायची, तिथे एका ताऱ्यावर नाव दिसायचं: शोधक कमांडर अमुक. कोण, कुठला, माहीत नाही. पण त्या रात्री बरं वाटायचं. ऑफलाइन खेळात हे नाव दिसलं नसतं, आणि माझं नाव वाचायलाही कोणी नसतं. २००६ मध्ये काही संशोधकांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खेळाडूंवर पेपर लिहिला होता. बरेच जण बहुतेक वेळ एकटेच खेळतात, बाकीचे लोक त्यांना सोबती म्हणून नाही, प्रेक्षक आणि वर्दळ म्हणून हवे असतात. तो पेपर मला तेव्हा कळला.

दिवाळीच्या सुमारास परत आलो. शेवटच्या टप्प्यावर सेनापतीचा फोन. "ओपनमध्ये ये, मी सोबत करतो, कोणी हात लावणार नाही." मी अर्धा तास विचार केला. मग सोलोतच स्टेशनवर उतरलो, सगळी माहिती विकली. शंभरएक ताऱ्यांवर नाव लागलं. मगच लॉगआउट करून ओपनमध्ये गेलो, रिकाम्या जहाजाने त्याला भेटायला.

तो बाहेरच थांबला होता. दिवे उघडझाप करून रामराम केला, मीही केला. मग त्याने मला उडवलं.

जहाजाच्या किमतीच्या पाच टक्के भरून मी नवं घेतलं. कालच्या जेवणाचं बिल मात्र त्याच्याकडून वसूल केलं.