बाकावरची साक्ष

विज्ञानाच्या वर्गातले वातावरण कसे आहे, हे शिक्षकाने किंवा निरीक्षकाने सांगावे; विद्यार्थ्याचे मत ही लहर असते, असे अनेक जाणकार मानतात. हा पक्ष पोकळ नाही. हार्वर्डमधला 2019 चा एक अभ्यास त्याच्या पाठीशी आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गात गटाने उदाहरणे सोडवणारे विद्यार्थी चाचणीत सरस ठरले. तरी आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट पुष्कळ समजल्यासारखे वाटले. ज्याला स्वतःचे शिकणे उमगत नाही, त्याची साक्ष का मानावी?

कारण ‘मी किती शिकलो’ हा निवाडा आहे; ‘मला प्रश्न विचारता येतो का, प्रयोगाला माझा हात लागतो का’ हा अनुभव आहे. रोग्याला निदान करता येत नाही, म्हणून वैद्य ‘कुठे दुखते’ हे विचारायचे सोडतो का?

शिवाय विद्यार्थ्याचे मत ही लहर असती, तर तिचा गुणांशी मेळ बसला नसता. 1960 च्या दशकात ‘हार्वर्ड प्रोजेक्ट फिजिक्स’ या शालेय पदार्थविज्ञान अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करताना संशोधक हर्बर्ट वॉलबर्ग यांना तो मेळ आढळला. वर्गाविषयी विद्यार्थी जे सांगत होते, त्याचा त्यांच्या प्रगतीशी संबंध होता.

निरीक्षक एखादी तासिका पाहतो. विद्यार्थी वर्षभर बसतो. आणि शिक्षक? संशोधक बॅरी फ्रेझर यांनी 1982 साली शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांची मते ताडून पाहिली. एकच वर्ग शिक्षकांना विद्यार्थ्यांपेक्षा अधिक अनुकूल दिसत होता. शिक्षक खोटे बोलत नव्हते. फळ्यापाशी उभे राहून शेवटचा बाक दिसतो. तिथून काय दिसते, ते कळत नाही.

मुलांचे ऐकले तर विषय उथळ होईल, ही शेवटची भीती. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झाला. मुले टोळीने प्रयोग करत आणि निष्कर्ष स्वतः काढत. मनातले प्रश्न पत्राने विचारायला त्यांना ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्र दिले होते. वर्गातल्या अनुभवांवरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके सुधारली गेली. 2002 पर्यंत, तीस वर्षे, हे चालले. यात उथळ काय होते?

वाचकहो, निवाडा तुमचा. शिक्षकाची साक्ष फेटाळा, असे मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर गैरसोयीची नोंद खोडू नये, हे आपणच मुलांना शिकवतो. मग वर्गाबद्दलची त्यांची नोंद आपण का खोडावी?