अब्बांच्या कॅसेटमधली घरघर

अब्बांच्या आवाजाची आमच्या घरात एकच कॅसेट आहे. १९९२ च्या हिवाळ्यात मालेगावातल्या आमच्या जुन्या घरी नशिस्त बसली होती. नशिस्त म्हणजे घरगुती मुशायरा. आठ-दहा माणसं, मधे चहाची किटली, आणि प्रत्येकानं आपलं थोडं कलाम ऐकवायचं. अब्बा यंत्रमागावर कामाला होते आणि गझला लिहायचे. त्यांचा दीवान कधी निघाला नाही. वही होती, ती घर बदलताना हरवली. उरली ती ही साठ मिनिटांची कॅसेट, आणि तिच्यात अब्बांचा आवाज जेमतेम अकरा मिनिटं.

गेल्या वर्षी ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसलो. फीत किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, आणि घरातल्या मुलांनी आजोबांना कधी ऐकलेलंच नाही. टेप लावला. अब्बांच्या आवाजाखाली सतत घरघर. तिच्यावर बारीक चरचर, मधेच टक्क. एका शेरात तर शब्दच कळेना. ‘शाम’ की ‘नाम’? दोन्ही शब्द तिथं बसतात, पण शेराचा अर्थ पार बदलतो. मी वर्गात मुलांना सांगतो की एका अक्षरानं अर्थ फिरतो. आता ते माझ्याच घरात झालं होतं आणि विचारायला अब्बा नव्हते.

नाशिकला एका दुकानात चौकशी केली. काउंटरवरचा तरुण म्हणाला, “सर, पॉवर कंडिशनर लावा. करंट साफ झाला की आवाज आपोआप साफ.” किंमत ऐकून मी चहा पिऊन परत आलो. पण ‘साफ करंट’ हा शब्द डोक्यातून जाईना. करंट मळतो कसा? मी शिक्षक माणूस, मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आधी इतिहास बघितला.

सुरुवातीचे रेडिओ बॅटरीवर चालत. त्यांच्यात बाकी खरखर असेल, पण विजेची घरघर नव्हती, कारण बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनं, एकसारखा वाहतो. मात्र बॅटऱ्या जड, महाग आणि सारख्या चार्ज कराव्या लागणाऱ्या. घरात वीज आलीच आहे तर रेडिओही तिच्यावरच का चालू नये? कॅनडात टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी १९२५ मध्ये बॅटरीशिवाय, थेट घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला. त्यांची खरी लढाई घरघरीशीच होती. घरची वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. तिनं व्हॉल्व्हची तार तापवली की ती हेलकाव्यांसकट आवाजात उतरायची. १९२७ मध्ये अमेरिकेत आरसीएनं असा व्हॉल्व्ह आणला ज्यात तापणारी तार वेगळी आणि तिच्याभोवतीची कॅथोडची नळी वेगळी. मग घरघर बरीच कमी झाली. म्हणजे विजेवरचा आवाज ‘साफ’ करण्याचा उद्योग आज शंभर वर्षांचा आहे.

आपल्याकडं वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तिला सरळ करताना जी लहर उरते ती त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची. पेटीवर पांढरी पाचचा खर्जातला सूर ९८ हर्ट्झचा आहे. भारतातल्या स्पीकरची घरघर त्याच्या किंचित वर लागते. कान देऊन ऐका, पटेल.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणात वीज आली ती टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून, १९१५ मध्ये, आणि ती आधी गेली मुंबईच्या कापड गिरण्यांकडं. गाणं ऐकणारं घर त्या तारेवर नंतर आलेला पाहुणा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथं तर हे नातं आणखी जवळचं, कारण माग आणि घर एकाच गल्लीत, बरेचदा एकाच भिंतीला. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गल्लीत एकेक माग सुरू व्हायचा आणि आमचा बल्ब पिवळा पडायचा. टीव्हीचा स्टॅबिलायझर टक-टक करत बसायचा. शुक्रवारी माग बंद, तेव्हा तोच बल्ब दिवसभर पांढरा. अम्मी म्हणायची, “आज करंटनंही जुम्म्याची आंघोळ केलीय.”

आमच्या टेपला सहा मोठे सेल लागायचे. ते महाग, म्हणून लाइट गेल्यावरच वापरायचे. एरवी टेप चालायचा एलिमिनेटरवर. पुढची पिढी त्याला अडॅप्टर म्हणते, पण आपल्या बाजारात तो ‘बॅटरी एलिमिनेटर’ होता, म्हणजे बॅटरीला रजा देणारा. रॉजर्स यांची कल्पनाच स्वस्तात. आमचा एलिमिनेटर फारच स्वस्त होता. आतला कपॅसिटर छोटा, त्यामुळं लहर पूर्ण सपाट होत नसे आणि ती टेपमध्ये शिरायची.

एवढं कळल्यावर एका मित्राचा पॉवर कंडिशनर चार दिवसांसाठी मागून आणला. आत काय असतं ते थोडक्यात सांगतो. पहिलं, अचानक वाढलेला दाब पोटात घेणारा व्हॅरिस्टर. दुसरं, गुंडाळी आणि कपॅसिटर यांची गाळणी. काही यंत्रांत व्होल्टेज स्थिर ठेवायची सोय असते. काही फार महागडी यंत्रं आलेली वीज सरळ करून तिच्यापासून नवी लाट तयार करतात. मित्राचं यंत्र साधं, पहिल्या दोन गोष्टींचं होतं.

ते लावून ऐकलं. फ्रिज सुरू होताना येणारी टक्क गेली. एलईडी बल्ब आणि मोबाइलच्या चार्जरमुळं येणारी चरचर बरीच कमी झाली. ही चरचर नव्या काळाची आहे. हे चार्जर विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतात आणि त्यांचा केर पुन्हा तारेत टाकतात. गाळणी नेमका तोच केर अडवते. पण घरघर जागच्या जागी होती. ती जाणार तरी कशी? गाळणीला ५० हर्ट्झ तर आत सोडावेच लागतात, नाहीतर टेपला वीजच मिळणार नाही.

मग ओळखीच्या रेडिओ मेकॅनिक चाचांना बोलावलं. त्यांनी लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर ठेवला. अर्धी घरघर तिथंच गेली. अँप्लिफायर एका बोर्डावर, चार्जर दुसऱ्या बोर्डावर, दोघांना अर्थिंग, आणि मधे आवाजाची केबल. असं वर्तुळ तयार झालं की त्यात घरघर फिरत राहते. दोन्ही पिना एकाच बोर्डावर आणल्या की बहुतेक वेळा काम भागतं. काही लोक यावर उपाय म्हणून अर्थिंगची पिनच तोडतात. ते करू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

चाचांनी मग टेपचं हेड बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी गृहपाठ न केलेला विद्यार्थी झालो. हेडवर तपकिरी थर बसला होता. त्यांनी कापसावर स्पिरिट घेऊन तो पुसला. मग खिशातून एक छोटं विजेवरचं यंत्र काढून हेडसमोर धरलं आणि हळूहळू लांब नेलं. हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व घालवायचं हे यंत्र. या प्रकाराला डिगॉसिंग म्हणतात आणि शब्द युद्धातला आहे. १९३९ मध्ये जर्मनीनं इंग्लंडच्या किनाऱ्यावर चुंबकी सुरुंग पेरले. जहाजाच्या लोखंडाचं चुंबकत्व जाणवलं की ते फुटत. चार्ल्स गुडिव्ह यांच्या तुकडीनं जहाजांना विजेच्या तारा गुंडाळून ते चुंबकत्व मारलं आणि गणितज्ञ गाउस यांच्या नावावरून हा शब्द तयार झाला. पुढं तो टीव्हीच्या काचेपर्यंत आणि टेपच्या हेडपर्यंत आला. आता काही महागड्या कंडिशनरवरही असं एक बटण असतं. ते दाबलं की जोडलेल्या यंत्रांचे ट्रान्सफॉर्मर साफ होतात असा दावा आहे. पण चालू ट्रान्सफॉर्मरचा गाभा दर सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतच असतो. हेडचं तसं नसतं. म्हणून मी ते बटण असलेलं यंत्र घेणार नाही आणि हेड मात्र पुसत राहीन.

हेड पुसल्यावर कॅसेट पुन्हा लावली. मळलेलं हेड आधी बारीक, टोकदार आवाज खातं, आणि ‘श’ हा सगळा तसाच आवाज. अब्बांचा शेर आला. स्पष्ट ‘शाम’. चाचा म्हणाले, “वाह!” मला दाद द्यायचं सुचलं नाही.

उरलेली घरघर फितीतच आहे. १९९२ ची वीज आज कुठलंही यंत्र लावून साफ होणार नाही. कॉम्प्युटरवर १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर कापता येतात, तशी एक प्रत मी मुलांसाठी केली. मूळ प्रत तशीच ठेवली. घरघर हा पुरावाही असतो. २००० नंतरच्या दशकात रोमानियाच्या कॅटालिन ग्रिगोरास यांनी दाखवलं की रेकॉर्डिंगमधल्या विजेच्या घरघरीची चढउतार ग्रिडच्या नोंदींशी ताडून ते कधीचं आहे हे तपासता येतं. आमच्या कॅसेटला तसल्या तपासाची गरज नाही. तिच्यात दुसरा पुरावा आहे, आणि तो मला हेड पुसल्यावरच नीट ऐकू आला.

आठव्या मिनिटाला अब्बांचा आवाज चढत जातो आणि तुटतो. रेकॉर्ड करताना वीज खचली, टेप मंदावला, म्हणून आज आवाज चढलेला ऐकू येतो. लाइट गेली होती. मग खट्ट, आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू. आता टेप सेलवर आहे. घरघर नाही. शेजारच्या मागांची खटखटही नाही, कारण तेही थांबले आहेत. त्या शांततेत कपबशीचा आवाज येतो, कोणीतरी “इर्शाद” म्हणतं, आणि अब्बा शेवटची गझल म्हणतात. तीन मिनिटं, एकेक अक्षर स्वच्छ.

मित्राचा कंडिशनर मी दुसऱ्या दिवशी परत केला.