फुटबॉल मैदानांची हवाई छायाचित्रे (ब्रिटन)

जुन्या फुटबॉल मैदानांची विमानातून टिपलेली छायाचित्रे चौकट करून घरात लावणे ब्रिटिश चाहत्यांना प्रिय आहे. अशा चित्रांचा मोठा साठा १९१९ मध्ये स्थापन झालेल्या एरोफिल्म्स या कंपनीचा आहे. तिचे छायाचित्रकार तिरप्या कोनातून चित्रे घेत. त्यामुळे मैदानाबरोबरच प्रेक्षकसज्जे आणि त्यांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगाही दिसतात. नकाशात ही दाटी जाणवत नाही.

यांतील कित्येक मैदाने आता उरलेली नाहीत. संडरलंडच्या रोकर पार्कच्या (१८९८–१९९७) आणि मँचेस्टर सिटीच्या मेन रोडच्या (१९२३–२००३) जागी वसाहती झाल्या. आर्सेनल संघाने २००६ मध्ये हायबरी सोडल्यावर तेथे सदनिका उभ्या राहिल्या. १९३६ च्या पूर्व सज्जाचा दर्शनी भाग मात्र जपला गेला. खेळाच्या जागी आज बाग आहे. चारी बाजूंनी इमारती असलेली ही आयताकार बाग अशी का, हे जुने चित्र पाहिल्यावरच नवख्याच्या ध्यानात येते.

एरोफिल्म्सचा संग्रह २००७ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील वारसासंस्थांनी मिळवला. त्यातील १९१९ ते १९५३ या काळातील सुमारे ९५,००० चित्रे ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ या प्रकल्पात संगणकीकृत करण्यात आली.