दिवाळ्यांची मोजदाद

'दिवाळे' या शब्दाचे अनेकवचन 'दिवाळी' असे होते. व्याकरणाने केलेली ही थट्टा बाजूला ठेवली, तरी शब्दाची कुळकथा विचार करण्याजोगी आहे. पेढी बुडाली की पेढीवाला भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि मग काय ते लोकांना उमगे, असे सांगतात. ही व्युत्पत्ती शास्त्रशुद्ध आहे की लोकांनी रचलेली, या वादात आम्ही पडत नाही. मात्र दिवाळे ही चारचौघांत जाहीर करावयाची गोष्ट आहे आणि ती जाहीर करण्यासाठी आधी दुकान असावे लागते, हे मर्म तीत नेमके आले आहे. ज्याला दुकानच नाही, त्याने दिवा कोठे लावावा?

आम्ही मराठीचे अध्यापक. आकड्यांशी आमचा संबंध बहुधा गुणपत्रिकांपुरता. तरीही दिवाळखोरीची राष्ट्रीय आकडेवारी वाचताना हा दिवा आठवतो. अमेरिकेत २००५ साली दिवाळखोरीचे २० लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. २००६ साली ते सुमारे ६ लाखांवर आले. एका वर्षात अमेरिकन माणूस सुखवस्तू झाला, असे नव्हे. ऑक्टोबर २००५ मध्ये कायदा कडक झाला. त्याआधी अर्जांची झुंबड उडाली आणि नंतर ओघ आटला. किती माणसे बुडाली यापेक्षा न्यायालयाचे दार किती उघडे होते, हेच अशा आकड्यांतून अधिक कळते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात या दाराचा इतिहास विशेष स्पष्ट दिसतो.

इंग्रजी अमलात दिवाळखोराला संरक्षण देणारा कायदा १८२८ साली आला तो मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांपुरता. १८४८ च्या कायद्याचीही व्याप्ती तीच. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून १८६५ साली मुंबईचा कापूस आणि शेअरबाजार कोसळला, तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही बुडाले. त्यांच्यासाठी निदान न्यायालय होते. बोरघाटाची रेल्वे नुकतीच, १८६३ साली, सुरू झाली होती. मुंबई आता कर्जतपासून काही तासांवर आली होती. मुंबईचा दिवाळखोरीचा कायदा मात्र त्या गाडीने आला नाही.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि सरकारचे डोळे उघडले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्याचे फळ. या कायद्यात शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्याचीही तरतूद होती. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. परंतु तो प्रथम लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना. कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. कुलाब्यात ते आले १८९१ साली. म्हणजे खंडाळ्याचा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने नादार होऊ शकत होता आणि घाट उतरून खोपोलीत आलेला त्याचा सोयरा होऊ शकत नव्हता. दंगा घाटावर झाला म्हणून कायदाही घाटावरच राहिला.

पुढे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा सर्वत्र आला. त्यात एक अट होती : ऋणकोला स्वतः अर्ज करावयाचा, तर त्याचे कर्ज किमान ५०० रुपयांचे हवे, नाहीतर तो कर्जापायी अटकेत तरी हवा. आता या तालुक्यांतील कर्ज कसे होते ते पाहावे. पावसाळ्यात कोठीतले भात संपले की सावकाराकडून वाढीदिढीने धान्य आणावयाचे, म्हणजे मणाला दीड मण फेडावयाचे. कातकऱ्याला पावसाळ्यापुरती खावटी मिळे. तिच्या बदल्यात पुढच्या हंगामाची मजुरी, गवत, कोळसा आधीच विकलेला असे. काताच्या धंद्यावरून ज्यांना नाव मिळाले, त्यांना जंगलाचे कायदे कडक झाल्यावर कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांकडे वळावे लागले, आणि भट्टीचे काम म्हणजे उचल. पायलीत आणि हातांच्या मजुरीत मोजले जाणारे हे देणे ५०० रुपयांचा उंबरठा कधी ओलांडणार? ते बापाकडून मुलाकडे जाई. जिल्हा न्यायालयाकडे जात नसे.

त्यावर या भागात जो खरा उपाय झाला, तो कोणत्याही तक्त्यात नाही. माथेरानात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल कायदा शिकलेले होते. पण शेतकऱ्यांना नादारीचे अर्ज लिहून देत बसण्यापेक्षा त्यांनी धान्यकोठारे काढली. अडीच्या दिवसांत शेतकऱ्याने सावकाराच्या दारी न जाता कोठारातून धान्य न्यावे, ही कल्पना. विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नायक आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले कोतवाल सर्वांना ठाऊक आहेत. आम्हांस धान्यकोठारांचे कोतवाल तेवढेच मोठे वाटतात.

१९७५-७६ मध्ये कर्जनिवारणाची लाटच आली. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्राचा कायदा आणि महाराष्ट्राचा कर्जमुक्ती कायदा यांनी लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची कर्जे रद्द ठरवली. महाराष्ट्राचा कायदा १९७७ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकला. पण कर्ज रद्द झाले, तरी ऋणको 'दिवाळखोर' म्हणून नोंदला गेला नाही. उचल तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा आली.

मग २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली आणि खालापूरचे नशीब पालटले, असे उपरोधाने म्हणता येईल. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ज्या बारा मोठ्या थकबाकीदारांवर कारवाई करावयास सांगितले, त्यांतील भूषण स्टील या कंपनीचा एक कारखाना खोपोलीजवळ. वित्तीय धनकोंचे दावे सुमारे ५६,००० कोटींचे. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने ३५,२०० कोटी देऊन ती घेतली. खोपोलीजवळच डोणवत येथे कारखाना असलेली उत्तम गॅल्व्हा २०२० साली प्रक्रियेत गेली आणि २०२२ साली तिची योजना मंजूर झाली. याच तालुक्यातील इमॅजिका या उद्यानाचे प्रचंड कर्ज मात्र न्यायाधिकरणाबाहेर मिटले आणि २०२२ साली मालपाणी समूह आला. ती कंपनीही कर्जात बुडाली होतीच, पण गणतीत आली नाही.

चौकजवळच्या नितीन देसाई यांच्या स्टुडिओची कंपनी सुमारे २५२ कोटींच्या थकबाकीपोटी २५ जुलै २०२३ च्या आदेशाने प्रक्रियेत दाखल झाली. १ ऑगस्टला अपील फेटाळले गेले आणि २ ऑगस्टला देसाईंनी त्याच स्टुडिओत जीवनयात्रा संपवली. कारणांचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. मात्र कंपनीची नोंद झाली ती संहितेखाली दाखल झालेल्या ८,००० हून अधिक प्रकरणांत एक म्हणून, आणि त्या तक्त्यात माणसाला रकाना नाही. व्यक्तींपैकी संहिता लागू झाली ती केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना, १ डिसेंबर २०१९ पासून. इतरांसाठी १९०९ व १९२० चे जुने कायदेच आहेत.

सामान्य माणसाच्या दिवाळखोरीचा रकाना आहे तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या तक्त्यात. तेथे 'दिवाळखोरी किंवा कर्जबाजारीपणा' हे एक कारण आहे : २०१८ साली ४,९७०, २०१९ साली ५,९०८, २०२० साली ५,२१३. ज्या देशात व्यक्तीचे दिवाळे प्रथम मृत्यूच्या नोंदीत दिसते, तेथे दिवाळखोरीच्या आकड्यांची तुलना इंग्लंड-अमेरिकेशी करणाऱ्या अर्थपंडितांचे आम्हांस नवल वाटते.

याच संहितेत 'नव्या सुरुवाती'चे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा अधिक नाही, मालमत्ता २०,००० पेक्षा अधिक नाही, कर्ज ३५,००० पेक्षा अधिक नाही आणि स्वतःच्या मालकीचे घर नाही, अशा माणसाने अर्ज करावा आणि देण्यातून मुक्त व्हावे. वीटभट्टीची उचल घेतलेल्या कातकरी जोडप्याला समोर बसवून मसुदा लिहावा, तशा या अटी आहेत. हे प्रकरण २०१६ साली संमत झाले. ते लागू करणारी अधिसूचना आजतागायत निघालेली नाही.