डान्सबोर्ग किल्ला (तरंगंबाडी)

तमिळनाडूच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यातील डॅनिश सागरी किल्ला. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन (कारकीर्द १५८८–१६४८) याचा आरमारी अधिकारी ओव्हे गेद्दे याने १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगंबाडी (त्रांकेबार) येथे जागा मिळवली आणि बांधकामास हात घातला. हाच राजा तेव्हा कोपनहेगनमध्ये रोझेनबोर्ग वाडा आणि बोर्सेन ही व्यापारपेठेची इमारत डच प्रबोधनशैलीत उभारत होता. तिथला नक्षीदार थाट मात्र डान्सबोर्गला नाही. जाड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, चुन्याचा गिलावा आणि कमानदार छते, असे त्याचे साधे, भक्कम रूप आहे. दुमजली मुख्य इमारतीच्या तळाशी कोठारे व सैनिकांच्या खोल्या, तर वर गव्हर्नरचे निवासस्थान व प्रार्थनागृह होते. भोवतालचा खंदक पुढे बुजला. आपल्या वऱ्हाडातील हेमाडपंती देवळे चुन्याविना, दगडावर दगड बसवून उभी राहिली. येथे मात्र सारी मदार वीट-चुन्यावर आहे. आराखडा युरोपचा, सामग्री कावेरीच्या मुलखातली, म्हणून याला निव्वळ डॅनिश वास्तू म्हणणे अपुरे ठरते.

व्यंकोजी भोसल्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतल्यावर या वसाहतीची गाठ मराठ्यांशी पडली. १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेने गावाला वेढाही घातला. मराठी इतिहासात हा धागा फारच थोडा हाताळला गेला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. डॅनिश राजाश्रयाने आलेला जर्मन मिशनरी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६ मध्ये येथे उतरला. त्याने उभारलेल्या न्यू जेरुसलेम चर्चच्या (१७१८) दर्शनी भागावर डेन्मार्कचा तत्कालीन राजा चौथा फ्रेडरिक याची मुकुटांकित राजमुद्रा आहे. येथील झायन चर्च त्याहून जुने, १७०१ चे. याच मिशनमधून १७५० मध्ये आलेला ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी महाराज यांचा गुरू झाला. तंजावरच्या चर्चमध्ये महाराजांनी त्याचे संगमरवरी स्मारक उभारले. ते शिल्पकार जॉन फ्लॅक्समनचे काम होय.

१८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी व बंगालमधील श्रीरामपूर या वसाहती इंग्रजांना विकल्या. त्यानंतर तरंगंबाडीचा व्यापार ओसरला. २००४ च्या त्सुनामीने गावाची मोठी हानी केली. किल्ल्याची दुरुस्ती डॅनिश साहाय्याने झाली असून आत आता तमिळनाडू पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. गावाचा जुना भूदरवाजा, सध्याच्या रूपात १७९२ चा, राजरस्त्याच्या पश्चिम टोकाला आजही उभा आहे.