रामेन
‘रामेन’ या जपानी शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक चिनी ‘लामिएन’मध्ये पाहतात, त्यातील ‘ला’ म्हणजे ओढणे, ‘मिएन’ म्हणजे गव्हाच्या पिठाच्या शेवया, आणि जपानीत ‘ल’ हा निराळा ध्वनी नसल्याने त्याचा ‘रा’ झाला. गंमत अशी की, जपानी रामेनच्या शेवया सहसा ओढत नाहीत, तर लाटलेली पोळी कापून करतात. त्यांना पिवळसर झाक आणि चिवटपणा येतो तो ‘कान्सुई’मुळे, म्हणजे पापडखाराच्याच जातीच्या क्षारयुक्त पाण्यामुळे. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली रामेन देणारे ‘राइराइकेन’ हे उपाहारगृह निघाले; त्या काळी या पदार्थाला ‘शिना सोबा’, अर्थात चिनी सोबा, म्हणत, जरी खऱ्या सोबा शेवयांतील कुट्टूचे पीठ त्यात नसे. ‘रामेन’ हे नाव देशभर रुळले, ते मुख्यतः १९५८ साली आलेल्या निस्सिन कंपनीच्या ‘चिकन रामेन’ या झटपट शेवयांच्या पाकिटामुळे.